‘धड ना अभियंता, धड ना अर्थतज्ज्ञ’ या शेऱ्याला उत्तर

वाळपईकर : बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या, म्हणजे वैद्यकीय यंत्रांच्या अभियांत्रिकीच्या, जोडीला अर्थशास्त्राची पदवी घेणारी मुले ‘धड ना अभियंता, धड ना अर्थतज्ज्ञ’ होतात आणि बापाचे पैसे मांडवीत सोडतात, असे काल डिचोलीच्या एका पालकांनी येथे लिहिले. माझी पुतणी मणिपालला बायोमेडिकलच्या तिसऱ्या वर्षात असून दूरशिक्षणाने अर्थशास्त्रही शिकते, म्हणून हे उत्तर. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 साली एकाच वेळी दोन पदव्यांना मुभा दिली, त्यामुळे यात चोरीचा मामला नाही. ईसीजीतून 50 हर्ट्झचा विजेचा गोंगाट गाळून काढण्याचे गणित आणि महागाईच्या आकड्यांतून हंगामी चढउतार वेगळे काढण्याचे गणित ही सख्खी भावंडे आहेत. फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने औषधलेपित स्टेंटची, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीदार नळीची, किंमत 29,600 रुपयांवर बांधली, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी आपले महागडे स्टेंट बाजारातून मागे घेण्याची परवानगी मागितली. ही घटना केवळ अभियंत्याला अर्धी कळते आणि केवळ अर्थशास्त्र्यालाही अर्धीच.

निवृत्त अभियंता, फोंडा : वाळपईकर, उदाहरण तुम्हीच दिलेत, म्हणून त्यावरच बोलतो. स्टेंटवरच्या लेपातून औषध किती वेगाने झिरपावे, हे ठरवायला बहुलकांचे (पॉलिमरांचे) रसायनशास्त्र लागते; मागणी-पुरवठ्याच्या आलेखातून ते निघत नाही. शरीरक्रियाशास्त्र, बायोमेकॅनिक्स, नियंत्रण प्रणाली आणि मापनयंत्रे एवढे चार वर्षांत पचवताना आमच्या काळची चांगली मुलेही धापा टाकत. अठराव्या वर्षी दोन्ही दगडांवर पाय ठेवायला लावणे म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्याची सोय करणे होय.

डिचोलीचे पालक : मूळ शेरा माझाच, आणि तो मी मागे घेत नाही. माझ्या मुलाने बारावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवले, त्यापायी शिकवणीचा खर्च दुप्पट झाला, आणि आता वसतिगृहाचे पैसे भरताना मला कोणी अर्थशास्त्र शिकवू नये. दोन शाखा एकत्र हव्याच असतील, तर सांकवाळला बिट्स पिलानीच्या गोवा संकुलात अर्थशास्त्राच्या एमएस्सीला प्रवेश घेऊन पहिल्या वर्षाच्या गुणांवर अभियांत्रिकीची शाखा मिळवता येते. पण त्यालाही पाच वर्षे लागतात आणि हवी ती शाखा मिळेल याची हमी नसते.

म्हापशाची लेक : माझ्या वडिलांचे डायलिसिस एका रुग्णालयात चालू होते, नाव लिहीत नाही. तिथल्या दोन यंत्रांपैकी एक तीन महिने झाकून ठेवले होते. बिघाड एका संवेदकाचा (सेन्सरचा) होता, पण देखभालीचा वार्षिक करार संपला होता. यंत्राची खरेदी भांडवली खर्चातून झाली आणि दुरुस्ती मात्र महसुली, म्हणजे रोजच्या चालू खर्चात बसवायची होती, ज्यासाठी त्या वर्षी तरतूदच नव्हती. तंत्रज्ञाला दोष माहीत होता, लेखापालाला नियम माहीत होता, आणि बाबांना पहाटे चारच्या पाळीला जावे लागत होते.

निवृत्त अभियंता, फोंडा : तुमच्या वडिलांविषयी सहानुभूती आहे, ताई. परंतु याला अर्थशास्त्र म्हणत नाहीत, जमाखर्च म्हणतात. त्यासाठी पदवी नको, शुद्धीवर असलेला कारकून हवा.

म्हापशाची लेक : कारकून शुद्धीवरच होता, साहेब. चार तासांच्या एका डायलिसिसला सुमारे 120 लिटर द्रव लागतो, त्यासाठी पाणी शुद्ध करणारा स्वतंत्र संच आणि त्याचे गाळप पडदे लागतात, हा खर्च खरेदीच्या वेळी कोणीच मांडला नव्हता. यंत्र स्वस्त मिळाले याचाच आनंद झाला होता. पुढे नळ्या आणि डायलायझर (रक्त गाळणारी नळकांडी) कोणत्या भावाने घ्यावे लागतील, हे विचारणारा एकही माणूस त्या टेबलाभोवती नव्हता. तीन महिने मी बाबांना पहाटे स्कूटरवरून नेले आहे, तेव्हा कारकुनाचे विनोद मला ऐकवू नका.

अर्थशास्त्राची शिक्षिका, ताळगाव : आमच्या विषयाला जमाखर्च म्हटल्याबद्दल फोंड्याच्या अभियंत्यांचे आभार! रुग्णाला उपचाराची गुणवत्ता स्वतः पारखता येत नाही, म्हणून आरोग्याची बाजारपेठ भाजीच्या बाजारासारखी चालत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी 1963 साली मांडले, आणि म्हापशाच्या टेबलावर रुग्णालयाचीच गत तशी झाली होती. तरीही एक कबुली नाइलाजाने द्यावी लागते. पदवीच्या वर्गात आम्ही समग्र अर्थशास्त्राचे आलेख काढण्यातच सत्र संपवतो. एखाद्या यंत्राचा दहा वर्षांचा एकूण खर्च मांडून दाखवा, असा प्रश्न मी स्वतः आजवर एकदाही परीक्षेत घातलेला नाही.

डिचोलीचे पालक : म्हणजे जे तुम्ही शिकवतच नाही, त्यासाठी आम्ही दुसरे शुल्क भरायचे. छान.

निवृत्त अभियंता, फोंडा : शिक्षिकाबाईंनी एवढे कबूल केल्यावर माझाही अहंकार थोडा आवरतो. म्हापशाच्या टेबलावर माझ्यासारखा अभियंता असता, तर त्यानेही यंत्राचा दाब आणि प्रवाह तपासून बिनघोर सही केली असती. मी अशा सह्या केल्या आहेत. ताई, कारकुनाविषयीचे माझे शब्द मागे घेतो. वाळपईकर, पुतणीला अर्थशास्त्र शिकू द्या, मात्र तिने सर्किटच्या प्रात्यक्षिकांना दांडी मारली तर आजचे सगळे उदार विचार मी परत घेईन.

वाळपईकर : ती प्रात्यक्षिके चुकवत नाही. अर्थशास्त्राचे स्वाध्याय मात्र गेले दोन महिने पाठवलेले नाहीत, हे आताच दूरध्वनीवर कळले.