मदत हवी आहे: वरच्यांच्या भांडणात चॅनेल बंद, पैसे माझ्या वॉलेटमधून आधीच कापलेले

कृष्णाकाठचा केबलवाला:

नमस्कार मंडळी. पलूस तालुक्यात नदीकाठच्या एका गावात माझं केबलचं नेटवर्क आहे. वडिलांनी १९९४ साली मोठी छत्री (डिश अँटेना), एक व्हीसीआर आणि खांबाखांबांवरून ओढलेल्या काळ्या वायरीवर सुरू केलेलं. आता फायबर आहे, फीड सांगलीहून एमएसओकडून, म्हणजे आम्हाला सिग्नल देणाऱ्या मोठ्या केबल कंपनीकडून येतं. एके काळी ६४० कनेक्शन होती, आज २८६ आहेत. फ्री डिश आणि मोबाइलनं बरीच नेली. २०१९ च्या पुरात नोड आणि अँप्लिफायर वाहून गेले, तेव्हा लाइन परत उभी करेपर्यंत दीड महिना गेला आणि काही घरं परत आलीच नाहीत. ते सोसलं. आताचं मात्र मला कळेनासं झालंय, म्हणून लिहितोय.

५ तारखेच्या रात्री एका मोठ्या ब्रॉडकास्टरचे सगळे चॅनेल आमच्या फीडवरून गेले. मराठी मालिकांचं चॅनेल गेलं, सिनेमाचं गेलं, क्रिकेटचंही गेलं. त्या जागी पाटी येते, 'आपल्या केबल ऑपरेटरशी संपर्क साधा.' केबल ऑपरेटर म्हणजे मी. सकाळी सातला पहिला फोन आला आणि त्या दिवशी शंभरावर फोन घेतले.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजी आहेत. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवरच. रिमोटला प्लास्टिकची पिशवी रबरबँडनं बांधलेली, पिशवीतून दाबून दाबून १ आणि ५ ही बटणं पुसून गेलेली. संध्याकाळची साडेसातची मालिका हा त्यांचा दिवसातला एकच ठरलेला कार्यक्रम. त्यांनी नातवाला पाठवून मला बोलावलं. मी बॉक्समधलं कार्ड काढलं, शर्टाला पुसलं, परत घातलं. कार्डात दोष नाही हे मला ठाऊक होतं, पण त्यांच्या डोळ्यांसमोर नुसतं उभं राहवेना. आजी म्हणाल्या, "आरं लेकरा, पैसं तर सूनबाईनं पैल्या तारखंलाच दिलं न्हवं?" दिले होते. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे १ तारीख आणि सही आहे.

पैशाचं असं आहे. आमचं सगळं प्रीपेड. पोर्टलवरच्या वॉलेटमध्ये मी आधी पैसे भरतो आणि एकेका कार्डाचा पॅक रिन्यू करतो. रिन्यू झाल्याबरोबर एमएसओचा वाटा कापला जातो. १ ते ४ तारखेत मी २४० घरांचा पॅक रिन्यू केला, त्यात या ब्रॉडकास्टरचा ४९ रुपयांचा बुके, म्हणजे चॅनेलांचा एकत्र गठ्ठा आहे. आज १५ तारीख, दहा दिवस झाले. टॅक्स सोडून घरटी १६ रुपये धरले तरी ३,९०० च्या आसपास होतात. लोक म्हणतात पुढच्या महिन्यात कापून देणार, आणि त्यांचं बरोबर आहे. पण ते पैसे माझ्याकडे नाहीतच, वर गेलेत.

एमएसओच्या ऑफिसात फोन केला की म्हणतात, "कॅरेज फीवरून वाजलंय, बोलणी चालू आहेत, दोन दिवसांत येईल." लेखी काहीच देत नाहीत.

मला जाणून घ्यायचंय की हे पैसे ग्राहकाला कोणी द्यायचे? असं न सांगता चॅनेल बंद करता येतं का? आणि मी दाद कुठे मागायची? दुसऱ्या एमएसओकडे जायचं तर २८६ बॉक्स बदलावे लागतील, कारण याचा बॉक्स त्याच्या फीडवर चालत नाही. तेवढी माझी ऐपत नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

मिरजकर:

दादा, माझ्या घरीही तेच चॅनेल बंद आहेत आणि मी आमच्या केबलवाल्याला काल फोनवर वाटेल तसं बोललो. तुमचं वाचून वाईट वाटलं. आज त्याला फोन करतो. कायद्यातलं मला काही कळत नाही, इथे कोणीतरी जाणकार येईल.

नियमवही:

मी काही वर्षं एका एमएसओच्या हिशेब विभागात होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्दाचा घोळ. कॅरेज फी म्हणजे आपलं चॅनेल दाखवावं म्हणून चॅनेलवाल्यानं एमएसओला द्यायचे पैसे. ट्राय या सरकारी नियामकाच्या २०१७ च्या इंटरकनेक्शन नियमांनी त्यावर मर्यादा घातली, साध्या चॅनेलला दर ग्राहकामागे महिन्याला २० पैसे आणि एचडीला तेव्हा ४० पैसे (एचडीचा हा फरक २०२४ मध्ये काढला). चॅनेल जितकी जास्त घरं घेतील तितकी ही फी कमी होत जाते आणि २० टक्के ग्राहकांनी घेतलं की शून्य. आपल्याकडं मराठी मालिकांचं मोठं चॅनेल कोण घेत नाही? त्यामुळे त्या चॅनेलच्या कॅरेज फीवरून एवढं मोठं भांडण होणं मला पटत नाही. भांडण असणार ते उलट्या दिशेनं जाणाऱ्या पैशाचं, म्हणजे एमएसओनं ब्रॉडकास्टरला द्यायच्या वर्गणीचं. एकतर नवे दर आले आणि करारावर सही नाही, किंवा थकबाकी आहे, किंवा ग्राहकांच्या आकड्यावर विश्वास नाही. हे तिसरं बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. एमएसओकडे दोन यंत्रणा असतात, ग्राहकांची नोंद आणि बिलं सांभाळणारी एसएमएस (मोबाइलवरचा मेसेज नव्हे) आणि चॅनेल चालू-बंद करणारी सीएएस. दोन्हींतले आकडे जुळले नाहीत की ब्रॉडकास्टर ऑडिट मागतो आणि तिथून ठिणगी पडते.

दरांवरून काय होतं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये देशानं पाहिलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रायनं बुकेत घालता येणाऱ्या चॅनेलची किंमतमर्यादा १२ रुपयांवरून पुन्हा १९ केली. ब्रॉडकास्टरनी नवे दर काढले, मोठ्या केबल कंपन्यांनी सही केली नाही, त्यांची संघटना केरळ उच्च न्यायालयात गेली आणि डिस्ने स्टार, झी, सोनी यांनी सिग्नल बंद केले. संघटनेच्या म्हणण्यानुसार ४.५ कोटी घरांवर परिणाम झाला. करार झाले तसे सिग्नल परत आले. दारोदार बोलणी मात्र तुमच्यासारख्यांनीच खाल्ली.

आता तुमचे प्रश्न. न सांगता बंद करता येत नाही. कारण देऊन तीन आठवड्यांची लेखी नोटीस द्यावी लागते आणि बंद होण्याच्या पंधरा दिवस आधीपासून ग्राहकांना स्क्रीनवर खाली पट्टी फिरवून कळवावं लागतं. तुमच्या गावात अशी पट्टी कुणी पाहिली का, ते आधी विचारा. ही नोटीस एमएसओला आली असेल तर त्यानं ती तुमच्यापासून लपवली, असा अर्थ होतो.

पैसे ग्राहकाला परत मिळायलाच हवेत. जे चॅनेल दिसत नाही त्याचे पैसे बंद झाल्या दिवसापासून घेता येत नाहीत. आणि इथे तुमच्या हातात एक पक्का मुद्दा आहे. एमएसओ ब्रॉडकास्टरला पैसे देतो ते महिन्याच्या ७, १४, २१ आणि २८ तारखेला मोजलेल्या ग्राहकांच्या सरासरीवर. चॅनेल ५ तारखेला गेलं. म्हणजे ७ आणि १४ तारखेला मोजायला काही नव्हतंच. ज्या दिवसांचे पैसे एमएसओला पुढे भरायचेच नाहीत, ते त्यानं तुमच्या वॉलेटमधून मात्र पूर्ण महिन्याचे कापलेत. पत्रात हेच लिहा, याच शब्दांत.

दाद कुठे, तर ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार चालवत नाही. ग्राहकानं आधी एमएसओच्या कस्टमर केअरला तक्रार नोंदवून क्रमांक घ्यायचा, मग नोडल अधिकारी. त्यांचे नंबर बॉक्सवर ९९९ क्रमांकाच्या चॅनेलवर असायला हवेत. तिथे भागलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोग. तुमचा स्वतःचा वाद मात्र एमएसओशी आहे, तो टीडीसॅटकडे, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाचे वाद चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे जातो. ते दिल्लीला आहे म्हणून घाबरू नका. ट्राय कायद्याच्या कलम १७ नुसार तुम्ही वकिलाशिवाय स्वतः उभे राहू शकता. पण ३,९०० रुपयांसाठी लगेच तिकडे जाऊ नका, आधी लेखी पत्रानं काम होतं का बघा.

जर्सीतली सांगलीकर:

हे फक्त आपल्याकडं होतं असं समजू नका. २०२३ मध्ये ३१ ऑगस्टला इथे अमेरिकेत चार्टर या केबल कंपनीवरून डिस्नेचे सगळे चॅनेल गेले. जवळपास दीड कोटी घरं होती. ११ सप्टेंबरला, सोमवारच्या मोठ्या फुटबॉल सामन्याच्या काही तास आधी तडजोड झाली. इथे या भांडणालाच कॅरेज डिस्प्यूट म्हणतात, कदाचित म्हणून तुमच्या ऑफिसातल्या माणसानं तो शब्द वापरला असेल. इथे दारात येऊन वसुली करणारा माणूस नसतो, एवढाच फरक. लहानपणी आमच्या विश्रामबागेतल्या घरी येणारे केबलवाले काका आठवले.

कराडची लाइन:

भाऊ, मीही एलसीओ, म्हणजे तुमच्यासारखाच गावचा केबलवाला आहे, ४०० कनेक्शन. २०२३ ला मी काय केलं ते सांगतो. पहिल्याच दिवशी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर साधा मेसेज टाकला: कुठले चॅनेल बंद, कधीपासून, माझ्या हातात काय आहे आणि काय नाही. निम्मे फोन तिथेच थांबले. दुसरं म्हणजे पोर्टलवर रोज एक स्क्रीनशॉट काढून ठेवा, वॉलेटमधून कधी किती कापलं ते तारखेसकट. नंतर पोर्टल बदलतं आणि आपल्याकडं पुरावा उरत नाही. तिसरं, एकट्यानं पत्र देऊ नका. तालुक्यातले त्याच एमएसओचे पाच-सात जण मिळून सह्या करा. एकट्याचा फोन ते उचलत नाहीत, दोन हजार कनेक्शनचा कागद टेबलावर ठेवला की खुर्ची देतात.

आणि पुढच्या महिन्याचा पॅक आत्ताच रिन्यू करू नका. त्या ब्रॉडकास्टरचा बुके काढून पॅक बनवता येतो का ते पोर्टलवर बघा. माझ्याकडं आला होता.

आजींसाठी: सह्याद्री प्रत्येक केबलवर दाखवणं कायद्यानं बंधनकारक आहे, ते चालू असणारच. त्यांची मालिका नसेल, पण संध्याकाळी मराठी काहीतरी लावून द्या. माझ्या आईला मी तेच लावून दिलं होतं.

कृष्णाकाठचा केबलवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस लिहायला जमलं नाही, कारण धावपळ चालू होती.

गावात तीस-चाळीस घरी विचारलं, पट्टी कुणीच पाहिलेली नाही. कराडच्या भावांनी सांगितलं तसा मेसेज टाकला. एकानं उत्तरात शिवी दिली, बाकीच्यांनी 'बरं झालं सांगितलंस' म्हटलं. बुके काढलेला पॅक पोर्टलवर आहे, तिसऱ्या पानावर खाली. तो मला आजवर कुणी दाखवला नव्हता. ज्यांना हवा त्यांना १ तारखेपासून तोच देणार आहे.

पलूस, भिलवडी, अंकलखोप या बाजूचे आम्ही सहा जण परवा एकत्र बसलो. मिळून १,७४० कनेक्शन भरली. नियमवही यांचा ७ आणि १४ तारखेचा मुद्दा वाचून दाखवला तेव्हा एक जण, वीस वर्षं धंद्यात असलेला, म्हणाला की ही तारखांची मोजणी त्याला आज पहिल्यांदा कळली. मलाही तशीच कळली. पत्र तयार झालंय, सहा सह्या आणि प्रत्येकाच्या वॉलेटचे स्क्रीनशॉट जोडलेत.

ग्राहकांचे १६ रुपये मी वाट न बघता पुढच्या वसुलीत माझ्याकडून कापून देतोय. वहीत वेगळा रकाना आखलाय. वरून आले तर माझे, नाही आले तर टीडीसॅटचं बघू.

आजींना सह्याद्री लावून दिलं. बातम्या बघतात, पण साडेसात वाजले की अजून १ आणि ५ दाबून बघतात.

उद्या सकाळी पत्र रजिस्टर एडीनं टाकतोय. पोचपावती आली की इथे कळवतो. एक राहिलं: पत्राची प्रत ट्रायला आणि जिल्हाधिकारी कार्यालयात दोन्हीकडे द्यावी का? कुणी दिली असेल तर सांगा.