शब्दचर्चा : 'लीन' आणि 'नम्र' एकच का?

प्रश्न : रविवारी उपासनेत बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचला. आठव्या वचनात ख्रिस्ताने आज्ञापालन करून 'स्वतःला लीन केले' असं आहे. 'नम्र केले' का नाही? अर्थ तोच ना?

उत्तर : नाही ताई, माझ्या मते बराच फरक आहे. 'नम्र'मध्ये 'नम्' म्हणजे वाकणं आहे. मान वाकते, हात जोडले जातात, समोरच्याला ते दिसतं. नोकरीच्या मुलाखतीला गेलेला माणूसही तासभर नम्र असतोच. 'लीन' हा 'ली' धातूचा, म्हणजे चिकटणं, मिसळून जाणं. तल्लीन, विलीन हे त्याचेच भाऊबंद. नम्र माणसाला आपण वाकलोय हे माहीत असतं; लीन झालेल्याचं स्वतःकडे लक्षच नसतं.

मूळ ग्रीक क्रियापद मात्र आणखी जमिनीवरचं आहे. लूकच्या शुभवर्तमानात (लूक 3:5) 'प्रत्येक डोंगर व टेकडी सखल होईल' असं आहे ना, तिथे हेच क्रियापद आहे. येशूची आई मरीया हिच्या गीतातली 'दैन्यावस्था' (लूक 1:48) त्याच मुळाची. सखल, दैन्य, लीन : आपल्या भाषांतरकारांनी एका मुळासाठी तीन शब्द योजले, आणि तिन्ही आपापल्या जागी चपखल बसलेत. डोंगर नम्र होत नाही, सखल होतो. पाणी मग तिकडे वळतं.

प्रश्न : आणि 'आज्ञापालन'? हा शब्द मला कवायतीच्या मैदानावरचा वाटतो.

उत्तर : मलाही. ग्रीक शब्द आहे हुपाकोए. त्यात 'अकूओ' म्हणजे ऐकणं आहे. प्रेषितांची कृत्ये 12:13 मध्ये येशूचा शिष्य पेत्र तुरुंगातून सुटून दार ठोठावतो आणि एक दासी कोण आलंय ते बघायला येते, तिथे याच कुळातलं क्रियापद आहे. दारावर थाप पडली, हातातलं काम टाकून उठलो, हे ते आज्ञापालन. जुन्या कराराच्या हिब्रूतही ऐकणं आणि मानणं याला एकच शब्द, शमा. आणि मराठीत? 'पोरगं ऐकत नाही' म्हणतो तेव्हा पोरगं बहिरं नसतं! आपल्या साध्या 'ऐकणे'त दोन्ही अर्थ आधीपासून नांदताहेत. प्रवचनात 'देवाचं ऐका' म्हटलं की आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळतं.

या दोन शब्दांची गाठ मी एकदा डोळ्यांनी पाहिली. पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पाय धुण्याचा विधी होता. रांगेतल्या एका आजींनी टाचांच्या भेगा दिसू नयेत म्हणून पाऊल लुगड्याच्या काठाखाली ओढून घेतलं. फादर गुडघ्यांवर बसून तांब्या हातात धरून थांबले, काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने आजींनी पाऊल हळूच पुढे केलं. योहान 13 मध्ये येशू शिष्यांचे पाय धुतो, तिथे पेत्रही आधी नकोच म्हणतो. पाय धुणाऱ्याइतकंच लीन व्हावं लागतं पाय पुढे करणाऱ्याला, हे मला तिथे उमगलं.

आणखी एक प्रतिसाद : सगळं पटलं, पण हेच शब्द वापरून घरात सुनांना आणि मंडळीत गरिबांना गप्प बसवतात. लीन हो, आज्ञेत राहा. त्याचं काय?

उत्तर : तुमची तक्रार खरी आहे, आणि तिचं उत्तर वचनाच्या व्याकरणातच आहे. कर्म बघा : त्याने 'स्वतःला' लीन केले. दुसऱ्याला दाबून खाली बसवणं या वाक्यात बसतच नाही. ज्याला दुसरी वाट नाही तो लाचार, त्याला लीन म्हणू नये. आणि 'मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे' (प्रेषित 5:29) हे तोच पेत्र न्यायसभेसमोर उभा राहून सांगतो.

मराठीनेही हा भेद जपलाय. सून सासरी 'ऐकून घेते' ते वेगळं आणि 'ऐकते' ते वेगळं. फिलिप्पैकरांच्या पत्रात ऐकून घेणं नाही.