रसद तोडायची की निधी गोठवायचा?

तर्जुमेवाला :
एका लेखाचं मराठी करतोय. विषय आहे दहशतवादी संघटनांना परदेशातून मिळणारा पैसा बंद करणारे कायदे. पहिल्याच ओळीत अडलोय. 'परकीय निधी तोडणारा कायदा' असं लिहून टाकलं आणि दचकलो. निधी तोडतात का? शिवाय हा शब्द इथे फार सोवळा वाटतो. आमदार निधी, पूरग्रस्त निधी, आणि त्याच पंगतीत बाँबसाठी निधी?

कोशकीटक :
निधी म्हणजे मुळात ठेवा, साठवलेलं धन. कुबेराचे नवनिधी त्यातलेच. साठा आटतो, संपतो, गोठवताही येतो. तोडता येत नाही. तोडतात ती रसद. शब्द फारसीतून आला आणि इथलाच झाला. फौजेचा दाणागोटा म्हणजे रसद. पानिपतच्या मोहिमेत दोन्ही बाजू एकमेकांची रसद मारायला टपलेल्या होत्या. अब्दालीची रसद तोडण्याच्या कामावर असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, आणि शेवटी उपासमार मराठ्यांच्या छावणीत झाली. 'दहशतवाद्यांची रसद तोडणारा कायदा' लिहा. कुणालाही फोड करून सांगावी लागणार नाही.

कलमकसाई :
मथळ्याला झकास, मजकुरात घोटाळा. रसद म्हटलं की ती फौजेला पोचते आणि फौज ती खाते. कायदा तेवढं होईपर्यंत थांबत नाही. आपल्या यूएपीएचं, म्हणजे १९६७ च्या बेकायदेशीर कृत्यांविषयीच्या कायद्याचं, कलम १७ पाहा. दहशतवादी कृत्यासाठी वापरला जाण्याचा संभव आहे हे माहीत असून पैसा दिला किंवा गोळा केला, की गुन्हा झाला. तो प्रत्यक्षात वापरला गेला का, हे पाहायचं कारण नाही. शिक्षा किमान ५ वर्षं, कमाल जन्मठेप. दहशतवाद्यांना मिळणाऱ्या पैशाविरुद्धच्या, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ९ डिसेंबर १९९९ रोजी स्वीकारलेल्या करारातही हेच सूत्र आहे. म्हणजे इथे बैल गोठ्यातून निघायच्या आतच गाडीवानाला धरतात.

त्याच करारात 'निधी'ची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की स्थावर, जंगम, डोळ्यांना दिसणारी, न दिसणारी अशी कुठलीही मालमत्ता तिच्यात बसते. ट्रकसुद्धा. मराठी 'निधी'त ट्रक बसवून दाखवा.

तर्जुमेवाला :
मग 'अर्थसाहाय्य'?

कोशकीटक :
छे! साहाय्य शब्दाला शिष्यवृत्तीचा वास आहे. 'अर्थपुरवठा' घ्या. पुरवठा चांगल्याचाही होतो, वाइटाचाही, आणि तो तोडताही येतो. वर्तमानपत्रं सरळ 'टेरर फंडिंग' छापतात. आळस आहे, पण कळतं तरी.

बाराखडी :
मध्येच शिरते. मनी लाँडरिंगसाठीचा 'धनशोधन' हा शब्द चुकूनही वापरू नका. हिंदीतून आलाय. शोधन म्हणजे शुद्ध करणं हे खरं, पण मराठी कानाला 'शोध' ऐकू येतो. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुरातत्त्व खात्याचं काही असेल असं वाटलं होतं.

कलमकसाई :
आणि तो वेगळा गुन्हा आहे. मनी लाँडरिंगमध्ये पैसा आधीच मळलेला असतो, तो धुऊन पांढरा करायचा असतो. दहशतवादाच्या अर्थपुरवठ्यात पगारातला, कर भरलेला पैसाही चालतो. पैशाचा उगम वैध की अवैध, हे कलम १७ ला सारखंच. एकात पैसा कुठून आला ते पाहतात, दुसऱ्यात तो कुठे चालला ते. दोन्हींना 'काळा पैसा' म्हणू नका.

आता 'परकीय'. हा शब्द एफसीआरएमुळे, म्हणजे २०१० च्या परकीय देणग्यांच्या कायद्यामुळे, जड झालाय. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत इथल्या संस्थेला पैसे दिले, तर तो पैसा परदेशातून आला, पण या कायद्याच्या दृष्टीने परकीय नव्हे. तुमच्या लेखात सीमेपलीकडून आलेला कुठलाही पैसा अभिप्रेत असेल तर 'परदेशातून होणारा' लिहा. एफसीआरए हा मुळात दहशतवादविरोधी कायदा नाही, हेही एका वाक्यात सांगा. नाहीतर बाहेरून देणगी घेणारी प्रत्येक संस्था वाचकाला संशयित वाटेल.

बाराखडी :
त्या कायद्यातल्या देणगीला काही जण 'अंशदान' म्हणतात. आमच्या कार्यालयात अंशदान म्हणजे निवृत्तिवेतनासाठी पगारातून कापला जाणारा हिस्सा. दर महिन्याला परकीय झाल्यासारखं वाटतं.

तर्जुमेवाला :
'बंडखोर गट' चालेल का? मूळ लेखात सगळीकडे दहशतवादी नाही म्हटलेलं.

कोशकीटक :
निवडणुकीच्या दिवसांत नको. 'बंडखोरांचा पैसा रोखला' म्हटलं की तिकीट न मिळालेला उमेदवार डोळ्यांपुढे येतो. 'सशस्त्र गट' म्हणा. 'अतिरेकी' आता जुना वाटतो. 'दहशतवादी संघटना' मात्र यूएपीएच्या पहिल्या अनुसूचीत नाव आहे अशांसाठी राखून ठेवा.

कलमकसाई :
माझा खरा राग क्रियापदांवर आहे. याच कायद्याच्या कलम ५१ए मध्ये, जे २००८ मध्ये आलं, तीन क्रिया शेजारीशेजारी आहेत : गोठवणे, जप्त करणे, टाच आणणे. बातमीत तिन्हींचं 'जप्त' होतं. गोठवलेल्या खात्याचा मालक बदलत नाही, फक्त व्यवहार थांबतो. टाच आली की मालमत्ता विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. मनी लाँडरिंगच्या कायद्यातली तात्पुरती टाच तर १८० दिवसांची. तेवढ्यात ती कायम झाली नाही, तर उठते. मालकी खरोखर जाते ती शेवटी, आणि त्यासाठी आपल्याकडे 'सरकारजमा' हा ठणठणीत शब्द आहे. तो टाकून 'समपहरण' कोण का लिहितं, देव जाणे.

बाराखडी :
'हवाला', म्हणजे बँक टाळून विश्वासावर पैसा पोचवणं, राहिला की! 'हवाल्याने मिळालेल्या माहितीनुसार' आणि 'हवाल्याने मिळालेल्या पैशांनुसार' यांत एकच शब्द बदलला. हवाली करणे, हवालदार, सगळं एकाच अरबी घराण्यातलं. मुळात सोपवण्याचा, विश्वासाचा शब्द. नव्वदच्या दशकात राजकारण्यांना हवाल्याने पैसे पोचल्याच्या आरोपांचं जैन हवाला प्रकरण गाजलं आणि शब्द बदनाम झाला.

तर्जुमेवाला :
शेवटी असं पाठवलं : 'दहशतवादी संघटनांना परदेशातून होणारा अर्थपुरवठा रोखणारा कायदा'. मथळ्यात रसद ठेवली होती. आत्ताच संपादकांचं उत्तर आलं, मथळा लांब होतोय म्हणून त्यांनी बदललाय : 'टेरर फंडिंगला चाप'.