मदत हवी आहे: कोकणच्या दमट हवेत मेन कून जातीचा बोका सांभाळता येईल का?

आमचे घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून जवळच आहे. पुण्याचा माझा आतेभाऊ परदेशी स्थायिक होत असून, त्याचा मेन कून जातीचा बोका आम्ही सांभाळावा अशी त्याची इच्छा आहे. आमची आजवरची मांजरे गावठी, पडवीत निजणारी आणि बांगड्याच्या डोक्यांवर पोसलेली; म्हणून होकार कळवण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

ही जात अमेरिकेच्या ईशान्येकडील मेन राज्यातली, तेथील बर्फाळ हिवाळ्यात घडलेली. खांद्यांवर आखूड आणि पोटावर व मागच्या मांड्यांवर लांब होत जाणारे, पाणी सहसा मुरू न देणारे केस, मानेभोवती झालर, बोटांच्या बेचक्यांत झुपके आणि निजताना अंगाभोवती घेता येईल असे झुबकेदार शेपूट, अशी त्याची ठेवण आहे. बोके साधारण ६ ते ८ किलोंचे भरतात आणि पूर्ण वाढ व्हायला ३ ते ५ वर्षे घेतात. हा २ वर्षांचा असल्याने अजून भरेल. स्वभावाने ही जात शांत व माणसाळलेली असते, त्यामुळे त्याबाबत चिंता नाही. (एवढ्या धिप्पाड देहातून चिवचिवाटासारखा आवाज निघतो, याची मात्र गंमत वाटते.)

खरी चिंता हवेची आहे. मांजराला घाम जवळजवळ पंजांच्या तळव्यांतूनच येतो आणि आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत कौलांखालीसुद्धा अंग चिकचिकते. त्यात वीज गेली की पंखाही नाही. केस भादरून टाकावेत असे काहीजण सुचवतात, पण त्याने उन्हापासूनचे संरक्षण जाते असे वाचल्याने मला ते पटत नाही. पावसाळ्यात तर चिऱ्याच्या लाल मातीचा चिखल पंजांच्या झुपक्यांत अडकून वाळणार, पोटाखालचे केस ओले राहून त्यांच्या गाठी होणार आणि नायटा झालाच तर तो घरातल्या मुलांनाही होणार. तेव्हा जून ते सप्टेंबर त्याला पूर्णपणे घरातच ठेवणे, रोज विंचरणे आणि ओले केस लगेच कोरडे करणे एवढे पुरेसे ठरेल का? की एक खोली वातानुकूलित केल्याशिवाय त्याला आणूच नये?

दुसरा प्रश्न आजाराचा. या जातीत हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकार आढळतो आणि जनुकीय चाचणी निर्दोष आली तरी तो होणारच नाही असे नसते, म्हणून हृदयाची सोनोग्राफी करावी लागते. आमच्याकडचे पशुवैद्य गाई-म्हशींचेच अधिक पाहतात. ही तपासणी पुण्यातच उरकून मग बोका आणावा, असा माझा विचार आहे. ती पुढे किती काळाने पुन्हा करावी लागते?

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात लांब केसांचे मांजर एक तरी पावसाळा सांभाळलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे. हाल होणार असतील तर तसे स्पष्ट सांगावे. पुण्यातच दुसरे घर शोधण्यास आतेभावाच्या हाती अजून वेळ आहे.