१८व्या शतकातलं इंग्लंड: 'भटक्या' आणि 'गरीब' यांत कायद्याने फरक काय?

जुनी_दप्तरं: मिडलसेक्स काउंटीच्या (इंग्लंडमधला जिल्हा) कागदांत एकाच प्रकारच्या माणसांना त्यांच्या हक्काच्या ठिकाणी परत धाडताना कधी 'पास' दिसतो, कधी 'रिमूव्हल ऑर्डर' (हलवण्याचा हुकूम). दोन्ही एकच का?

टेम्सकाठ: नाही. ऑर्डर १६६२च्या सेटलमेंट कायद्याची, म्हणजे गरिबाची जबाबदारी कुठल्या पॅरिशची (चर्चच्या हद्दीनुसारचा स्थानिक विभाग) हे ठरवणाऱ्या कायद्याची. त्यावर दोन मॅजिस्ट्रेटांच्या सह्या लागत आणि खर्च पॅरिशवर पडे. पास भटक्यांच्या कायद्याचा. १७४४च्या कायद्यानुसार एकच मॅजिस्ट्रेट पुरे. शपथेवर जबाब घ्यायचा, मग कॉन्स्टेबल त्या माणसाला पुढच्या काउंटीच्या कॉन्स्टेबलच्या ताब्यात देई. हा खर्च काउंटीचा. गोम इथेच आहे! नकोसा गरीब 'भटक्या' ठरवला की पॅरिशचे पैसे वाचत. म्हणून शिक्क्यावरून माणूस खरोखर भीक मागत होता असं धरू नका.

जुनी_दप्तरं: आणि त्या १७४४च्या कायद्यातले भटक्यांचे तीन वर्ग कोणते?

टेम्सकाठ: 'आळशी व बेशिस्त', 'रोग अँड व्हॅगबाँड' (rogue, म्हणजे लुच्चे व भटके), 'इनकॉरिजिबल रोग' (न सुधारणारे लुच्चे). पहिल्याला सुधारगृहात जास्तीत जास्त एक महिना. दुसऱ्यात भीक मागत हिंडणारे तर होतेच, पण परवान्याविना नाटक करणारे नट आणि हात पाहणारेही! त्यांना पकडून दिल्यास १० शिलिंग बक्षीस, त्यामुळे पकडणाऱ्याचा लोभही हिशेबात धरा.

फटक्यांचा_हिशेब: एक भर. भटक्या ठरवलेल्या बायकांना शिक्षा म्हणून फटके मारणं १७९२च्या कायद्याने बंद झालं. त्याआधीच्या नोंदींत ते सापडेल. आणि १७९५नंतर नुसत्या 'पॅरिशवर बोजा होईल' या भीतीने गरिबाला हाकलता येईना, प्रत्यक्ष मदत मागितलेली असावी लागे. दोन्ही तारखांच्या अलीकडचे-पलीकडचे आकडे एकत्र मोजू नका. स्कॉटलंडचा कायदाही वेगळा, तो यात मिसळू नका.