रेणू की लेखनाची क्रिया?
लाँग नॉनकोडिंग आरएनए म्हणजे प्रथिनाचा संकेत नसलेला लांब आरएनए. त्याचा रेणूच अवयव घडवतो, असं वाटू शकतं. नेहमीच तसं नसतं. उंदरातला 'अपरहँड' हा असाच आरएनए घ्या. हृदय घडवणाऱ्या हँड२ जनुकाच्या शेजारून तो उलट्या दिशेने लिहिला जातो, म्हणजे डीएनएवरून त्याची प्रत बनते. २०१६च्या प्रयोगात हे लेखन अडवलं, तर हँड२ गप्प झालं, हृदयाचा उजवा खालचा कप्पा (जवनिका) खुरटला आणि भ्रूण दगावले. पण तयार झालेला आरएनए तेवढा कमी केला, तेव्हा हँड२वर परिणामच नाही! म्हणजे काम लेखनाच्या क्रियेचं.

गंमत पुढे आहे. २०१९मध्ये दुसऱ्या गटाने 'अपरहँड'चा अख्खा डीएनए पट्टाच कापला. हँड२ चालूच राहिलं, तरीही हृदय सदोष झालं, पिल्लं जन्माच्या सुमारास मेली. त्यामुळे नॉकआउट, म्हणजे जनुक निकामी करणं, कसं केलं, हे आधी विचारावं.