मदत हवी आहे: तीन फुटी रीफ (प्रवाळांच्या) टँकला लाइट कोणता घ्यावा?

मंडळी, नमस्कार.

बारा वर्षं गोड्या पाण्यातले मासे पाळले. तेव्हा लाइटचा विचार 'मासे नीट दिसले की झालं' याच्या पुढे कधी गेला नाही. पाच महिन्यांपूर्वी खाऱ्या पाण्यात पडलो आणि आता रोज संध्याकाळी टँकसमोर खुर्ची टाकून डोकं खाजवत बसतो.

टँक ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खडक-वाळू जाऊन पाणी साधारण १७० लिटर. खाली संप (गाळणीची वेगळी टाकी) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र). क्षारता (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २६-२७. दोन क्लाउन आणि एक गोबी हे मासे मजेत आहेत, त्यांची तक्रार नाही. प्रवाळात फक्त मऊ प्रकार: एक लेदर, झोआंचे तीन फ्रॅग (छोटे तुकडे), चार मशरूम. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे त्या वाटेला जायचं नाही. 'पुढे अ‍ॅक्रोपोरा ठेवायचा झाला तर' असं म्हणून मोठा लाइट सुचवू नका, प्लीज.

आता लाइट. सुरुवातीला दुकानदाराने 'साहेब, पन्नास वॅट खूप झाले' म्हणून पांढरा एलईडी गळ्यात मारला. दीड महिन्यात खडकावर हिरवी दाढी उगवली आणि झोआ माना लांब करून वर बघायला लागले. मग चिडून दुसऱ्या टोकाला गेलो आणि एका ओळखीच्यांकडून १६५ वॅटचा चिनी काळा डबा घेतला. निळ्या आणि पांढऱ्या दिव्यांची वेगवेगळी बटणं, वेगवेगळ्या वायरी. वीज मोजणाऱ्या प्लगवर लावून बघितला तर दोन्ही बटणं पूर्ण फिरवूनही ११८ वॅटच खातो. तो पाण्यापासून ८ इंचांवर टांगला आणि पहिल्याच दिवशी दोन्ही बटणं ७० टक्क्यांवर ठेवली. (हो, माहीत आहे. आता माहीत आहे.)

आज बरोबर नववा दिवस. मधल्या खडकावरचे झोआ मिटलेले, कडेचे उघडे. लेदरने सगळे पॉलिप (फुलासारखे बारीक जीव) आत ओढलेत आणि वरचा भाग मेण फासल्यासारखा चकचकीत दिसतोय. एक मशरूम बोराएवढा आक्रसलाय. दुसरा जागेवरून गायबच.

माझ्यापुढे तीन पर्याय आहेत. हाच डबा ठेवायचा, एआय प्राइमसारखे दोन छोटे लाइट घ्यायचे, किंवा केसिल ए३६०एक्ससारखा एकच मधोमध टांगायचा. केसिलची पाण्यातली झिळमिळ मला फार आवडते, पण एकाच ठिकाणाहून प्रकाश आला तर खडकाच्या मागे अंधार राहील अशी शंका येते. शिवाय डोंबिवलीचा मे महिना. हॉलमध्ये एसी नाही, पाण्यावर पंखा लावतो, पण हवाच इतकी दमट की जेमतेम एक अंश उतरतो. वरून लाइटची उष्णता किती परवडेल?

मोबाइलच्या अ‍ॅपवर लक्स (उजेडाचं माप) मोजले, वाळूवर ६००० आले. हे कमी की जास्त? आणि आईच्या मते निळा लाइट लागला की आमचं घर लेडीज बार दिसतं, तर पांढरा वाढवून भागेल का?

जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आधी पाकीट खिशात ठेवा. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पार (PAR, प्रवाळाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप) पुरतो. तुमचा डबा ८ इंचांवरून, ७० टक्क्यांवर, मधोमध याच्या दुपटीच्या वर सहज देत असणार. कडेचे झोआ उघडे आणि मधले बंद, यातच उत्तर आहे.

अ‍ॅपचे लक्स विसरा. लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतात, म्हणजे हिरवा-पिवळा प्रकाश जास्त धरतात आणि निळा जवळजवळ सोडून देतात. प्रवाळाच्या अंगातलं सूक्ष्म शैवाल मात्र मुख्यतः निळ्यावर जगतं, कारण समुद्रात खाली जाताना लाल रंग आधी शोषला जातो. त्यामुळे निळा चालू असताना आलेले ६००० लक्स दिसतात त्यापेक्षा बरेच जास्त आहेत. कोणाकडे पार मीटर असेल तर एका रविवारासाठी मागून आणा, विकत घेऊ नका.

डबा १५-१६ इंचांवर न्या. निळा ३५, पांढरा १०, दिवसाला ८ तास. आठवड्याला ५ टक्क्यांनी वाढवा आणि झोआ छान पसरले की तिथेच थांबा. दोन वायरींना दोन टायमर लावले की निळा आधी आणि पांढरा नंतर, असा पहाटेचा थाटही होतो. आईंसाठी संध्याकाळी पांढरा २० करा, प्रवाळ काही म्हणणार नाहीत.

लेदरची काळजी नको. ते अधूनमधून अशी कात टाकतं. पंपाचा झोत जरा त्याच्याकडे वळवा, पापुद्रा निघून जाईल. वास यायला लागला तर मात्र लगेच बाहेर काढा.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, फक्त शेवाळाचं खापर एकट्या पांढऱ्या लाइटवर फोडू नका. पाच महिन्यांच्या टँकमध्ये ते येतंच. फॉस्फेट (शेवाळाचं खाद्य) मोजलंत का? आरओच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार)? माझा ६० दाखवत होता आणि मी सहा महिने लाइट बदलत बसलो होतो.

घ्यायचाच झाला तर दोन छोटे. तीन फुटांत एक मधोमध ठेवला की दोन्ही टोकं उपाशी राहतात. मऊ प्रवाळांना जोरापेक्षा पसारा हवा. टी५ (बारीक ट्यूबलाइट) चार ट्यूबचा पसारा सगळ्यात छान, पण १५६ वॅटची उष्णता आणि वर्षाला ट्यूब बदलणं तुमच्या त्या हॉलमध्ये नको.

सुताराकडून बंद झाकण करून घेऊ नका. मी केलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात खारी वाफ लाइटच्या पंख्यात शिरली, पंखा अडकला.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्रीच लाइट १५ इंचांवर नेला. छताला हुक नव्हता म्हणून सध्या पडद्याच्या दांडीला नायलॉनच्या दोरीने बांधलाय. दिसायला भीषण. बायको काही बोललेली नाही, म्हणजे लवकरच बोलणार.

टीडीएस मोजला. ४४. खाली मान घालून उद्या फिल्टर बदलतो.

हरवलेला मशरूम सापडला! मागच्या खडकाच्या सावलीत, उलट्या बाजूला, चांगला रुपयाएवढा पसरून बसलाय. त्याला उचलून पुढे आणू का, तिथेच राहू देऊ?